मारुतीचं तोंड कुणीकडं?

चहाचा कप आधी खाली ठेवा, न्हाई तर अंगावर सांडाल. मी प्रशिक्षणात पहिला आलो ना, तो कसा आलो हे आज खरं सांगून टाकतो!

जालन्याला आम्हा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं पदव्युत्तर प्रशिक्षण होतं. मी अंबडचा, इतिहासवाला. शेवटच्या पाठाची अट अशी, की इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, चारही विषय एकाच पाठात गुंफायचे. नापास झालात, तर वर्ष पुन्हा! पंचेचाळिशीत नापास? माझी पोरं वर्गात उभं राहू देतील का मला?

मला मंठ्याजवळच्या एका गावची शाळा मिळाली. सहावीच्या पोरांकडून गावाचा नकाशा काढून घ्यायचा ठरवलं. परीक्षक बाई वही घेऊन मागं उभ्या. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता न्हाई. पण मी कशाला घाबरतो? मारुती दक्षिणमुखी असतो, हे कुणाला ठाऊक नाही? घरचं देवघरसुद्धा मी गल्लीतल्या मारुतीवरूनच दिशा काढून बसवलंय. बायको म्हणत होती, कुणाला तरी विचारा. मी म्हणालो, "अगं, शिक्षक कोणे?"

तर पोरांना घेऊन मारुतीच्या पारावर गेलो, हात लांब केला. "मारुतीचं तोंड तिकडं, म्हणून ती दक्षिण. लिहा!"

एक पोरगी म्हणाली, "सर, तिकडं तर उत्तर हाय."

"गप. मारुतीपेक्षा तुला जास्त कळतं?"

"तसं न्हाई सर. रस्ता मोठा केला तव्हा देऊळ नवं बांधलं. मंग मारुती फिरवला."

"फिरवला?"

झालं, पोरांना चेव आला.

"आधी तोंड दक्षिणेलाच व्हतं सर, माझ्या आज्यानं पाह्यलंय!"

"ग्रामसभेत लई भांडणं झाली!"

"नारळवाले म्हणले, तोंड रस्त्याकडंच पाह्यजे, न्हाई तर आमचा धंदा बसंल!"

मी खडू धरून नुसता उभा. म्हटलं, गेलं वर्ष.

तेवढ्यात बाई पुढं आल्या. "सर, कमाल केलीत! जुनं देऊळ म्हणजे इतिहास, दिशा म्हणजे भूगोल, ग्रामसभा नागरिकशास्त्र आणि नारळाचा धंदा अर्थशास्त्र. तेही मुद्दाम चूक करून, सगळं पोरांच्याच तोंडून काढलंत!"

आता तुम्हीच सांगा, खरं बोलायची ती वेळ होती का? मी नम्रपणे मान खाली घातली. "प्रयत्न केला, मॅडम."

पहिला नंबर! जालन्यात सगळ्यांसमोर सत्कार झाला. टाळ्या, शाल, नारळ आणि बक्षीस. बक्षीस काय, तर होकायंत्र! काय आनंद झाला म्हणून सांगू! छाती फुगवून घरी आलो, बायकोला सगळा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला आणि होकायंत्र थाटात देवघरापुढं ठेवलं.

काटा डुलला, थांबला. पूर्व म्हणून सात वर्षं ज्या भिंतीकडं तोंड करून मी पूजा करतोय, ती निघाली दक्षिण. साक्षात यमाची दिशा!

बायकोनं काट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तरीच म्हणलं, एवढे घोळ घालून हा माणूस दरवेळी वाचतो कसा! सात वर्षं यमालाच हात जोडून राह्यलात की!"