गच्चीवरचा राउटर

नागपुरात पोह्याच्या बशीला नेटवर्कवरचा आकडी पत्ता देणारा एकच माणूस आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. ते धरमपेठेत राहतात आणि एका मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळतात. हे नेटवर्क दिसत नाही. रुग्णालयाच्या स्वतःच्या सर्व्हरवर खासगी क्लाउड आहे. राउटर, फायरवॉल, रस्ते, नाके हे सगळं त्याच्या पोटात सॉफ्टवेअरच्या रूपात नांदतं. ज्याला हात लावता येत नाही त्यावर साडूंचा विश्वास नाही, आणि नोकरी मात्र नेमकी त्याचीच. भाजी आणायला निघाले तरी ते घरी दोन रस्ते सांगून जातात, एक जायचा आणि दुसरा पहिला बंद पडला तर जायचा. सीताबर्डीच्या मेट्रो स्थानकात गाडी बदलणाऱ्या गर्दीकडे ते भान हरपून बघतात, "पाह्य गा, एकही जण हरवला नाही," असं मला सांगतात, आणि तेवढ्यात आमची गाडी निघून जाते. एका लग्नात गुलाबजामच्या टेबलापाशी पुन्हा पुन्हा येणाऱ्या गृहस्थांना त्यांनी थांबवून "काका, तुम्ही लूपमध्ये फसले," असं गंभीरपणे सांगितलं होतं. काकांनी आणखी एक गुलाबजाम घेतला.

पण खरा सोहळा अपग्रेडच्या आधीचा. नेटवर्कची नवी आवृत्ती चढवायची असली की साडू आदल्या रविवारी सकाळी सगळ्या नातेवाइकांची गच्चीवर तालीम घेतात. फरशीवर ऑइलपेंटने चौकोन आखलेले आहेत. जिन्यापाशी पोह्यांचं पातेलं घेऊन साडू उभे. ती जागा म्हणजे तपासणीची लॅब. पोह्याची प्रत्येक बशी म्हणजे रुग्णाचा अहवाल. पुढच्या चौकोनात मी फायरवॉल, कारण वार्ताहर माणूस प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला पुढे सोडत नाही, असा त्यांचा समज आहे. माझ्यापुढे त्यांची बायको, म्हणजे आमची ताई. ती राउटर, बशी कुठल्या वाटेनं न्यायची ते तिला ठाऊक. शेवटी पाण्याच्या टाकीमागे खुर्चीवर सासूबाई, त्या वॉर्ड. पोचलेला प्रत्येक अहवाल त्या वरच्या झणझणीत तर्रीसकट संपवतात.

या खेपेला मामला गंभीर होता. मागच्या अपग्रेडमध्ये काही अहवाल वाटेत अडकले होते. वरिष्ठांनी साडूंना स्पष्ट सांगितलं होतं, आता एक जरी अहवाल अडकला तरी नेटवर्क बाहेरच्या कंपनीकडे जाईल आणि तुम्ही खरेदी विभागात. जे नेटवर्क त्यांनी पहिल्या दिवसापासून उभं केलं, ते सोडून त्यांना झाडूंचे आणि चादरींचे भाव मागवायचे होते. तालमीच्या दिवशी त्यांनी दाढीही अर्धीच केली होती.

अपग्रेडच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, जुना राउटर बंद करा, नवा सुरू करा. त्याप्रमाणे ताई चौकोनातून बाहेर पडली आणि माझी बायको, म्हणजे नवा राउटर, आत आली. बशी तिच्या हातात पडली. "आता कुठं नेऊ?" तिनं विचारलं. टाकीआडच्या सासूबाई तिला दिसत नव्हत्या, आणि तालमीत वाट सांगायची परवानगी कुणालाच नव्हती. पोहे निवले. टाकीमागून आवाज आला, "जावईबापू, पेशंट मरून राहिला इकडे!"

ताई परत चौकोनात शिरली. "काहून हलवलं मले? हिले सगळे रस्ते समजू द्या, मंग जातो मी."

साडूंनी पळी पातेल्यात टाकली. मग ते जिना उतरून खाली गेले आणि पुस्तिकेतला क्रम बदलायला बसले. आम्ही पोहे आपले आपण वाढून घेतले.

पुढच्या रविवारी सकाळी रुग्णालयात नवा राउटर उठला. एका वॉर्डाचा रस्ता त्याला खरोखरच सापडत नव्हता. पण जुना अजून जागेवरच होता, अहवाल त्याच्याकडून जात राहिले. साडूंनी रस्ता दुरुस्त केला आणि मगच जुन्याला निरोप दिला. काहीही अडकलं नाही. त्यांचा ताईला फोन आला, "तू हलली नाही म्हणून वाचलो वं."

"बरं झालं. येतानी दूध घेऊन या जी."

त्या यशाचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानात आला नव्हता. नवी आवृत्ती पुढचे अपग्रेड स्वतःच करते. जुन्याला किती वेळ थांबवायचं हेही तिला कळतं. साडूंना फक्त बटण दाबायचं असतं. ही बातमी त्यांनी आनंदाची म्हणून सांगितली, पण त्या दिवशी ते भाजीला एकच रस्ता सांगून गेले.

पुढचं अपग्रेड आलं तेव्हा त्यांनी कुणालाही बोलावलं नाही. रविवारी सकाळी आम्ही आपणहून पातेलं घेऊन वर गेलो. खुर्ची सरकवल्याच्या आवाजानं साडू गच्चीवर आले.

"काहून आले गा सगळे? आता मशीनच करते ना सगळं."

"मशीनले करू द्या," ताई चौकोनातून म्हणाली. "मी नाही हलत."

साडू जिन्यापाशी आपल्या जागी गेले. मग त्यांनी पळी उचलली, बशी भरली आणि माझ्यासमोर धरली. नियमाप्रमाणे मी विचारलं, "कुठून आली? कुठं चालली?"

त्यांनी बशीचा पत्ता सांगितला, एकही आकडा न गाळता. मी बशी पुढे सोडली.