मन हाजीर हो!

आमच्या थोरल्या मामांइतका निवांतपणासाठी घाम गाळणारा माणूस निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरा नसेल. पाटोद्याच्या तहसिलीतली पेशकारी, म्हणजे तारखेला लोकांना हजर करायची कारकुनी, संपवून ते घरी बसले आणि त्याच साली मामी गेली. पुढे वेरूळची लेणी पाहायला निघालेल्या एका ब्रह्मदेशी भिक्षूच्या बैलगाडीचा आस आमच्या दारात मोडला. तो आठ दिवस ओसरीवर राहिला, मामांना नुसतं श्वासाकडे बघत बसायला शिकवलं, आणि निघताना मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "करना कुछ नहीं." मामांना हा हुकूम अर्धवट वाटला.

जन्मभर तहसिलीत लोकांना पुकारे केलेल्या माणसाला काहीच न करणं कसं जमावं? मी तेव्हा त्यांच्याकडे राहून तहसिलीतच शिकाऊ उमेदवारी करत होतो, म्हणून हे रोज बघायचो. सकाळी डोळे मिटून बसायचे आणि घटकाभरात खेकसायचे, "मन हाजीर न्हाई! गेलं बेणं बाजारात!" मग घरादारावर हुकूम सुटायचे. जातं बंद, कोंबडा डालग्याखाली, शेजारची म्हैस दुसऱ्या दावणीला. एकदा स्वतःचाच श्वास फार वाजतो म्हणून त्यांनी तो धरून ठेवला, आणि आम्ही पाणी मारून त्यांना शुद्धीवर आणलं. "मामा, काहून छळता जिवाला?" मी विचारलं. "कामात कसूर नगं," म्हणाले.

सगळ्यात कडक मनाई अडकित्त्याला. मामी होती तोवर दिवसभर ओसरीवर सुपारी कातरायची. तो आवाज आला की मामांचं मन उठून तिच्याकडे जायचं, आणि नेमकं तेच त्यांना सोसवत नव्हतं. त्यामुळे घरची माणसं अख्खी सुपारी दातांनी फोडायची. त्यात धाकट्या मामांची दाढ गेली.

दिवाळीला माझी आई माहेरी आली. तिला ही मनाई कुणी सांगितलीच नव्हती. मामा डोळे मिटून बसलेले, आणि हिनं पानाचा डबा ओढून सुपारी कातरायला घेतली. आमचे चेहरे बघून ती दचकून थांबली. मामा डोळे न उघडताच म्हणाले, "कातर गंगू. लई दिसांनी आली ती. बसू दे तिला." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायची खटपटही त्यांनी केली नाही. ऊन अंगणभर पसरलं तरी उठले नाहीत.

"आज मन हाजीर झालं का?" मी नंतर विचारलं.

"बोलावलंच न्हाई," ते म्हणाले.

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तो अडकित्ता माझ्याकडे आहे. मला सुपारीची सवय नाही, तरी कधीमधी तो नुसताच वाजवतो. मग दोघंही ओसरीवर येऊन बसतात आणि मी त्यांना उठवत नाही.