तेलाच्या डब्यातला राब

मी मोखाड्यात लेकाच्या भाड्याच्या घरी राहायला आले तेव्हा माझं वय होतं बासष्ट आणि अक्कल बारा वर्षांच्या पोरीएवढी. आता अडुसष्ट आहे. अक्कल थोडी वाढलीय असं सून म्हणते, पण ती मुळातच भिडस्त आहे.

वरच्या मजल्याला चार पावलांची गॅलरी होती. तिथं बाग करणार, असं मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. सून म्हणाली, "आई, उन्हाळ्यात टँकर दोन दिवसांआड येतो. हंड्याला हात लावायचा नाही. आणि विकत काही आणायचं नाही." मला सोपं वाटलं. वडेवाल्याकडून तेलाचे रिकामे डबे आणले, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली. माती गावच्या बांधावरची, जीपच्या टपावरून आली. तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं. सावलीला माझंच जुनं लुगडं बांधलं. मातीवर वाळका पाला पसरला की ओल दोन दिवस टिकते. अळू लागला, मिरची लागली, पुदिना तर माजला. त्याच्याबरोबर मीही.

खरा जीव अडकला होता काकडीत. आमच्याकडे काकडीचं बी शेणात कालवून त्याची गोवरी भिंतीवर थापतात, म्हणजे वर्षभर कीड लागत नाही. सासूबाईंपासून आम्ही दरसाल तेच बी धरत आलो. घरकुल बांधायला कुडाची भिंत पाडली तेव्हा तिच्यावर अशी एकच गोवरी होती. पाड्यावर बाकी सगळे पुडीतलं बी लावू लागले होते. म्हणजे ही गोवरी गेली की ती काकडी कायमची संपली. ती मी फडक्यात बांधून मोखाड्याला आणली आणि ठेवली कुठं, तर जाळायच्या गोवऱ्यांच्या गोणीत. तिथं कुणाची नजर जाणार नाही, असा माझा हुशार विचार.

अक्षय्य तृतीयेला आम्ही वेलाचं बी टाकतो. आदल्या दिवशी मला रीतसर शेती करायची हुक्की आली. डोंगरावर पावसाआधी आम्ही राब भाजतो. रोपांच्या जागेवर शेण, पाला, काटक्या रचून पेटवायच्या, मग त्या राखेत नाचणीची रोपं जोमानं उठतात. शेतात ते ठीक. मी ते गॅलरीत, तेलाच्या डब्यात मांडलं. चष्मा कपाळावर. गोणीत हात घातला, हाताला लागल्या त्या गोवऱ्या पाल्यावर रचल्या आणि काडी लावली. धूर चांगला निघाला. मी खूश.

मग डब्यात तडतड सुरू झाली. गोवरी जळताना अशी तडतडत नाही. गोणीत पाहिलं तर फडकं सुटून रिकामं पडलेलं.

मी तोंडानंच ओरडत राहिले, हात काही चालेनात. बादलीतलं पाणी सकाळीच अळूला घातलं होतं. तेवढ्यात खालून घरमालकीण भरली बादली घेऊन धापा टाकत वर आली.

"आजी, घर पेटवताय का माझं?"

"ओत गं बाई, ओत! त्या गोवरीवर ओत!"

तिनं अख्खी बादली ओतली. निम्मी माझ्या अंगावर. "धुण्याचं पाणी होतं ते! आणि गॅलरीत होळी करणाऱ्या भाडेकरूला मी ठेवणार नाही, सांगून ठेवते!"

सून धावत आली. तिनं माझा चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. मग आम्ही दोघी तो काळा लगदा चिवडत बसलो. मालकीण उभ्यानं शिव्या देत होती. मी रडत रडत तिला सासूबाईंची काकडी सांगितली, तशी तीही खाली बसली. शिव्या मात्र थांबल्या नाहीत, आता त्या बसून चालू झाल्या. न जळालेल्या पाच बिया सापडल्या, त्यातली एक तिनं शोधलेली. ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या. दोनच बियांना मोड आले. त्या दोन्ही डब्यात लावल्या. एक रोप उन्हानं गेलं.

राब पुन्हा केला नाही. भाजीची देठं, पाला सिमेंटच्या गोणीत कुजवते. धूर नाही, आणि माती त्याहून भुसभुशीत होते.

उरलेला वेल लुगड्याच्या सावलीत नीट वाढला आणि कठड्यावरून खाली उतरला. पहिली काकडी लागली ती थेट मालकिणीच्या दारासमोर लोंबणारी. मला धडकी भरली. कोवळी, हिरवीगार, कुणीही तोडावी अशी. बियाण्याला पिवळी होईपर्यंत वेलावर राहायला हवी होती, आणि दुसरं फळ धरेल याचा भरवसा नव्हता.

एके दुपारी वरून पाहिलं तर मालकिणीचा नवरा विळा घेऊन बाहेर आलेला. मी ओरडायच्या आधी आतून तिचा आवाज आला, "खबरदार हात लावलात तर! बियाणं आहे ते आमचं."

आमचं म्हणे. काकडी पिवळी व्हायला पुढं तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच ओट्यावर बसायची बंदी होती.