राखेत नसलेल्या पट्ट्या

अकोल्याच्या फॅक्टरीत कापसाच्या गाठी मोजल्या आणि त्या कमी भरल्या. गोदामाच्या किल्ल्या माझ्या भावाकडे होत्या. मी तेव्हा अमरावतीत एका चार्टर्ड अकौंटंटच्या हाताखाली काम शिकत होतो.

दादा जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत गोदाम सांभाळायचा. आमच्या वस्तीतल्या कुणाच्या कमरेला त्याआधी गोदामाच्या किल्ल्या आल्या नव्हत्या. धम्मदीक्षेनंतर आमचं काय काय बदललं हे सांगताना वडीलधारी माणसं मुलांच्या शाळेचं बोलत, आणि मग दादाच्या किल्ल्यांचं. माझी शाळा, कॉलेज आणि अमरावतीची खोली, सगळं त्या नोकरीवर चाललं होतं. त्यामुळे गाठी कमी भरल्या याचा अर्थ आमच्या घरात कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मोजणीच्या काही आठवडे आधी फॅक्टरीत आग लागली होती. रुई दाबून तिची गाठ बांधतात, वरून बारदान गुंडाळतात आणि लोखंडी पट्ट्या आवळतात. गाठ जळाली तर रुईची राख होते, पट्ट्या मात्र उरतात, काळ्या आणि वाकलेल्या. आग विझल्यावर दादानं स्वतः राख उपसली आणि पट्ट्या वेगळ्या काढून कोपऱ्यात रचल्या. त्यावरून किती गाठी जळाल्या ते नक्की कळलं. बाकीच्या गोदामात असायला हव्या होत्या. काही नव्हत्या. त्या आगीत गेल्या असं म्हणून सुटायची वाट दादानं आपल्या हातानंच बंद केली होती.

मालकांनी ठरवलं की बाहेरगावचा माणूस आणून तपासणी करायची. ते काम नेमकं आमच्या साहेबांकडे आलं.

ही बातमी मला ऑफिसात कळण्याआधी दादाकडून कळली. रविवारी तो पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून खोलीवर आला. वहिनीनं फडक्यात भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली होती. माझ्या पुस्तकांच्या ढिगाकडे बघत तो म्हणाला, "काहून बे, झाला का सायब?"

"अजून नाई."

"मंग कवा होतं? पुस्तकं तं गंजीवानी रचून ठेवले." तो हसला, मग खाटेवर बसला. "तुयाच ऑफिसले काम भेटलं म्हणते. तूच ये मोजाले. तू असला तं मले भेव नाई."

"दादा, मले नाई येता येत."

"काहून?"

"तू माया भाऊ हायेस म्हणून."

"अबे, म्हणून तं म्हणून राहिलो!" तो परत हसला, पण मी हसत नाही हे बघून थांबला. "म्हंजे परका माणूस येईन आन् मले चोर ठरवून जाईन. अन् तू इथं पुस्तक वाचत बसशीन."

भाकरी तशीच राहिली. मी विचारलं, "तुले काय वाटते, गाठी कुठं गेल्या?"

त्याला काय वाटतं ते तो मोजणीपासून गिळून बसला होता. जिनिंग फॅक्टऱ्यांच्या भागात एक रीत होती. एका फॅक्टरीला आग लागली की आजूबाजूचे सगळे आपली फाटकं उघडतात. हमाल कुठल्याही फॅक्टरीचे असोत, हाताला लागेल तो माल लोटत शेजारच्या आवारात नेतात. त्या वेळी कुणी चिठ्ठी लिहीत नाही, कुणी मागत नाही. एरवी दादा चिठ्ठीशिवाय बारदानाचा तुकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही. आगीच्या दिवशी त्यानंही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी माल परत दिला आणि तो त्यानं हात जोडून घेतला.

"मी गेलतो मंग त्या शेजारच्या मालकाकडे, मोजणी झाल्यावर," दादा म्हणाला. "म्हटलं, काका, काही राह्यलं का आमचं? थो म्हणे, सर्व देलं बावा तुमचं. आता ज्यानं आपल्यासाठी फाटक उघडलं त्याले कोन्या तोंडानं म्हणू, तुयं शेड दाखव?"

"हेच सायबाले सांग."

"कोन्या सायबाले?"

"माया सायबाले. जसंच्या तसं. त्याईले नसते लाजा वाटत."

तो उठला. जाताना फडकं झटकून घडी घालून त्यानं खिशात टाकलं आणि म्हणाला, "शिकवलं तुले, आन् परक्याच्या हाती देलं तू मले." मी त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेलो.

सोमवारी सकाळी मी साहेबांसमोर उभा राहिलो. ते चाकूनं पेन्सिलीला टोक करत होते. मी म्हणालो, "साहेब, त्या फॅक्टरीत गोदामावर माझा भाऊ आहे."

"सख्खा?"

"हो."

"मग त्या फायलीला तुम्ही हात लावायचा नाही. वरची धूळसुद्धा झटकायची नाही."

"पण साहेब, आगीच्या दिवशी तिथे..."

"थांबा." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्यांना जे माहीत आहे ते त्यांनी मला सांगावं. तुमच्या तोंडून आलं तर ते निम्मं तुमचं होतं. मग मला तुमचं निम्मं वेगळं काढत बसावं लागेल."

साहेब कडक होते. आमच्यासारख्या शिकाऊ लोकांना ते बेरजा फार कमी शिकवायचे. त्या येतातच असं ते धरून चालत. सुरुवातीच्या दिवसांत एका दालमिलचं गोदाम बघून मी टिपणात लिहिलं होतं, 'माल व्यवस्थित आहे.' त्यांनी 'व्यवस्थित' हा शब्द खोडला. "हे तुम्ही पाहिलं नाही," ते म्हणाले. "हे तुम्हाला वाटलं. पोती पाहिलीत? तर पोती लिहा." मला तेव्हा राग आला होता. मी कॉलेजात निबंधाचं बक्षीस मिळवलेला मुलगा, आणि हा माणूस माझे शब्द उपटून काढत होता.

साहेब अकोल्याला गेले तेव्हा मी त्याच दालमिलचं काम करत बसलो होतो. एकच पान मी पुन्हा पुन्हा बेरजेला घेत होतो आणि दर वेळी निराळी बेरीज येत होती. शेजारचा शिकाऊ म्हणाला, "अरे, डाळ शिजतेय का तिथं?" मला हसू आलं नाही. दादाचं म्हणणं मला पटत होतं. शिकवलं त्यानं, आणि वेळ आली तेव्हा मी दूर उभा.

शनिवारी दादा आला. या वेळी दारातूनच ओरडला, "सापडल्या!"

मी खाटेवर बसलो.

"ऐक तं," तो म्हणाला आणि कोट न काढता सांगायला लागला. "तुया सायबानं आधी आपलं गोदाम मोजलं. एकेक गाठीले हात लावून. म्यानेजर म्हणे, मी वाचून दाखवतो, तुमी बसा. तं सायब म्हणे, मी बसायचे पैसे घेत नाही. मंग मले म्हणे, आगीच्या दिवशी काय काय झालं ते सांगा. मी सांगतलं. तू सांगतलं तसं, जसंच्या तसं."

"मंग?"

"मंग निंघाला थो शेजारी. मी म्हटलं, सायब, नका जाऊ, वाईट दिसते. थो म्हणे, तुम्हाला दिसतं, मला नाही दिसत. काकाले जाऊन म्हणते कसा, तुमच्याकडे काही आहे असं मी म्हणत नाही. यांच्या फॅक्टरीचा माल या आवारात ठेवला होता, म्हणून हे आवार पाहणं माझं काम आहे. नाही पाहिलं तर मला सही करता येणार नाही. असा बोलला, जसा पाणी मांगून राहिला."

काकांनी शेड उघडून दिलं. त्यांच्या नव्या गाठींची थप्पी वरपर्यंत गेली होती. हमालांनी ती उतरवली. अगदी खालच्या थरात आमच्या फॅक्टरीच्या गाठी होत्या, मार्का भिंतीकडे तोंड करून. आगीच्या गडबडीत कुणीतरी तशा लोटल्या होत्या आणि वर नवा माल रचला गेला होता. काकांनी कपाळावर हात मारला आणि दादाला म्हणाले, "अबे, तू आला तवा नीट बोलला काहून नाई? तवाच उतरवली असती थप्पी!"

"मी त्याईच्या भेवानं नाई बोललो," दादा म्हणाला, "आन् थे मायावरच चिडले!" तो इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी थांबेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तसं मी त्याआधी कधी केलं नव्हतं.

जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, "म्यानेजर काय म्हणे माहीत हाय? म्हणे, बरं झालं तुया भाऊ नाई आला. थो आला असता तं मी या गाठी सापडल्या असं मानलं नसतं. म्हटलं असतं, दोघायनं मिळून आणून ठेवल्या."

त्या दिवशी आम्ही दोघं बाजारात जाऊन संत्री घेऊन आलो आणि खोलीत बसून सगळी खाल्ली. इतकं हलकं मला पुढे परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नाही.

सोमवारी साहेबांनी त्यांचा अहवाल टाइप करायला दुसऱ्याकडे दिला. मला फक्त इतकं म्हणाले, "तुमचे भाऊ चांगलं सांगतात. जे पाहिलं तेवढंच." त्यांच्याकडून ही फार मोठी स्तुती होती. मी दादाला कळवली तेव्हा तो म्हणाला, "मंग मले ठेवते का म्हणा कामाले, तुया जागी."

साहेब केव्हाच गेले. फॅक्टरी बंद पडली. दादा या वर्षी गेला. त्याच्या मातीला त्या शेजारच्या फॅक्टरीतली माणसं आली होती, म्हातारी झालेली, काठ्या टेकत. त्यातल्या एकानं आपल्या नातवाला सांगितलं, हा गोदामावरचा माणूस, याच्या हातात किल्ल्या होत्या तोवर कधी काही कमी झालं नाही.

मी निवृत्त झालो, आता हिशेबांवर सह्या करत नाही. वहिनी अकोल्यात आहे. तिला भेटायला मी अमरावतीहून जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो.