दहाचा ॲव्हरेज

व्हर्लिन चेटरच्या ट्रकला गुरांचा ट्रेलर जोडला की ॲव्हरेज साडेआठच्या वर जायचा नाही. गॅलनला साडेआठ मैल. गेली तीन वर्षं तो ह्या आकड्याशी भांडत होता आणि आकडा जागचा हलत नव्हता. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान भिंतीला डाग तरी पडतो.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? पुढचा लोखंडी बंपर उतरवला. मागची अवजारांची पेटी काढून कोठारात ठेवली. ट्रेलरचे ब्रेक चाकाला घासत होते, ते सोडवले. टायरमध्ये हवा अगदी कडेपर्यंत भरली, तेव्हा ट्रक खड्ड्याखड्ड्याला उडायला लागला आणि त्याची कंबर धरली. मग पंचावन्नच्या वेगाने चालवायला लागला. ज्या रस्त्यावर बाकीचे लोक ऐंशीने जातात त्या रस्त्यावर. मागून येणारे भोंगे वाजवत आणि पुढे जाताना खिडकीतून त्याचं तोंड बघून घेत. एवढं सगळं करून मिळाले साडेआठाचे पावणेनऊ. तेही एकदा, पाठीवर वारा असताना.

त्यांच्या भागात वारा हीच खरी मेख होती. साउथ डकोटाच्या त्या पठारावर झाड नाही, टेकडी नाही. वारा पश्चिमेकडून निघाला की मध्ये त्याला अडवायला चेटरांचं कोठार तेवढं उभं. आणि गुरांचा बाजार नेमका पश्चिमेला.

सोसायटीच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणाऱ्यांना ह्याची मजा वाटायची. तिथे प्रत्येकाच्या ट्रकला अकरा पडत, बारा पडत. डेल्मर ओखमला तर एकदा भरलेला ट्रेलर ओढून चौदा पडले होते.

"व्हर्लिन, तू ट्रक चालवतोस की ट्रक तुला?" डेल्मर विचारायचा. "पुढच्या वेळी वासरांनाच जुंप की."

"उताराचा रस्ता असेल तुझा," व्हर्लिन म्हणायचा.

"जाताना उतार. येतानाही उतार."

सगळे हसायचे. व्हर्लिन हसायचा नाही. तो त्या चौदाचा रस्त्यात हिशेब करत बसायचा. डेल्मर खोटं बोलतो हे त्याला कळत होतं, पण किती खोटं बोलतो हे कळत नव्हतं.

ह्या वर्षी मात्र गोष्ट थट्टेची राहिली नाही. रँच त्याची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची, आर्लिसची, अर्धी-अर्धी. दोघांनीही लग्न केलं नाही. वडील गेल्यावर कामं आपोआप वाटली गेली: जमीन, व्यवहार, बोलणं आर्लिसकडे, यंत्रं आणि वाहतूक व्हर्लिनकडे. वासरं बाजाराला आपल्या ट्रकने न्यायची हे वडिलांपासूनचं. व्हर्लिन अकरा वर्षांचा असल्यापासून त्या रस्त्यावर गाडी चालवत होता. माणसांत त्याला फारसं काही जमलं नाही. हे जमत होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आर्लिस जेवताना म्हणाली, "ह्या वेळी मोठा ट्रक सांगते. एका खेपेत सगळी वासरं जातील. आपल्या गाडीला दोन खेपा, दोन दिवस आणि इतकं डिझेल."

"माझ्या ट्रकने नेतो, सिस."

"साडेआठात?"

"दहा काढून दाखवतो."

तिने बटाटे त्याच्याकडे सरकवले. "काढ. दहा पडले तर दुसरी खेपही तुझी आणि पुढच्या वर्षीही तुझ्याच. नाही पडले तर मोठा ट्रक, आणि मग पुन्हा हा विषय नको."

तो दोन दिवस ट्रेलरभोवती फिरत राहिला. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना आडव्या फटी होत्या, गुरांना हवा लागावी म्हणून. चालत्या गाडीत वारा ह्याच फटींत घुसतो, आत घुसळतो आणि गाडी मागे ओढतो, हे त्याला तिसऱ्या दिवशी दिसलं. इतकी वर्षं कसं दिसलं नाही, म्हणून तो स्वतःवर चिडला. त्याने प्लायवूड कापून दोन्ही बाजू बंद केल्या. मागच्या दाराच्या फटी तेवढ्या ठेवल्या.

आर्लिस येऊन बघून गेली. "आत गरम होईल."

"मागून हवा येते."

"येते की जाते?"

तो स्क्रू पिळत राहिला.

निघायच्या दिवशी वासरं पहाटेच गोठ्यात घेऊन आर्लिसने घरच्या काट्यावर त्यांचं वजन करून ठेवलं. सहाला निघायचं होतं. पण समोरून वारा सुटला होता. व्हर्लिन अंगणात उभा राहून गवताकडे बघत राहिला.

"पडेल आठपर्यंत," तो म्हणाला.

आठला पडला नाही. साडेनऊला जरा सुस्तावला, तेव्हा त्याने वासरं चढवली. उन्हं तोवर चांगलीच तापली होती. केबिनमध्ये एसी बंद, काचा बंद, कारण दोन्हीने डिझेल जातं. आर्लिस शेजारी मान पुसत बसली होती. ट्रक पंचावन्नने चालला होता आणि व्हर्लिनला पायाखाली कळत होतं, आज गाडी मोकळी आहे. इंजिन कण्हत नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला ट्रकचा राग येत नव्हता.

अर्ध्या वाटेवर आर्लिस म्हणाली, "मागे आवाज येत नाहीये."

"शांत बसलीत."

"वासरं प्रवासात शांत बसतात होय रे? कधी बघितलीस?" ती वळून मागच्या काचेतून बघायला लागली, प्लायवूडशिवाय काही दिसलं नाही. "थांब. ते फळकुट काढ."

"चाळीसच मैल उरलेत, सिस. भरलेली गाडी थांबवून परत उचलायची म्हणजे सगळं गेलं."

"काय गेलं?"

त्याने मीटरवर नजर टाकली. तिने पुन्हा सांगितलं नाही. त्याला वाटलं होतं की ती ओरडेल आणि मग त्याला थांबावंच लागेल. ती समोर बघत राहिली. थांबायचं की नाही हे त्याच्यावरच पडलं, आणि त्याचा पाय पंचावन्नवरून हलला नाही.

बाजारात दार उघडल्यावर वाफेचा लोट बाहेर आला. वासरं जिभा काढून, एकमेकांना चिकटून उभी होती. अंगं भिजलेली, पाठी बसलेल्या. एक उतरलं आणि चार पावलांवर गुडघ्यात बसलं. काट्यावरचा माणूस ओळखीचा होता, तरी त्याने आकडा दोनदा तपासला.

"वाटेत जेवायला थांबला होतात की काय?" त्याने विचारलं. "ह्यांना उन्हात ठेवून?"

"नाही," आर्लिस म्हणाली. "कुठेच थांबलो नाही."

घरचं वजन तिच्या डोक्यात होतं. तिने वजाबाकी केली ती व्हर्लिनला तिच्या चेहऱ्यावर दिसली. इतक्या वर्षांत त्यांच्या वासरांचं वजन वाटेत इतकं कधी उतरलं नव्हतं. जे डिझेल वाचलं ते उतरलेल्या वजनाच्या पासंगालाही पुरलं नसतं.

तो ट्रक घेऊन कोपऱ्यावरच्या पंपावर गेला. टाकी गळ्यापर्यंत भरली. पंपावरचे गॅलन, मीटरवरचे मैल. दहा पूर्णांक एक. त्याने पुन्हा भागाकार केला. दहा पूर्णांक एकच. शेजारच्या पंपावर एक बाई गाडीची काच पुसत होती. तिला सांगावं असं क्षणभर त्याला वाटलं.

परत आला तेव्हा आर्लिस बसलेल्या वासराच्या मानेवर नळीने पाणी सोडत होती. तिचे बूट भिजले होते.

"दहा पडले, सिस."

"पडले का?" तिने नळी दुसऱ्या बाजूला घेतली. "मग उद्याची खेप तुझी. ठरलंय तसं."

तो उभा राहिला. ती उपहासाने म्हणाली असती तर बरं झालं असतं, त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. पण ती शब्द पाळत होती. त्याने खाली वाकून वासराच्या कानाला हात लावला. कान तापलेला होता. मग तो कुंपणापर्यंत चालत गेला आणि खिशातून फोन काढून मोठ्या ट्रकवाल्याला लावला.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच लांबलचक ट्रक अंगणात शिरला. बाजूंच्या पत्र्याला पुढपासून मागपर्यंत भोकंच भोकं. उरलेली वासरं ओरडत, धक्काबुक्की करत आत गेली. ड्रायव्हर पोरगेलासा, च्युइंगगम चघळणारा. व्हर्लिनने त्याला कॉफीचा मग दिला आणि चाकांकडे बघत विचारलं,

"किती देतो हा?"

"काय किती?"

"ॲव्हरेज."

"पाच असेल. समोरून वारा असला तर त्याहून कमी." पोराने खांदे उडवले. "कोण बघतं?"

व्हर्लिनने रिकामा मग परत घेतला, मागच्या दाराची कडी ओढून बघितली आणि फाटक उघडून बाजूला झाला. वारा समोरूनच होता. ट्रक थेट त्यात शिरला.