काचेवरून धुतलेलं रक्त

खुमेंद्र तुरकरला माणसं तोंडावरून ओळखू यायची नाहीत, रक्त तपासायच्या काचेवरून यायची. गोंदियाकडच्या सालेकशाच्या बाजारात कोणी रामराम घातला की हा गोंधळून बघत राही, आणि नाव ऐकलं की खुलून म्हणे, "अरे हो! श्रावणातला पॉझिटिव्ह!" लोक हसत. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

१९९९ साली दरेकसाच्या डोंगराअलीकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात तो लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाला. तुरकर म्हणजे पोवार समाजातले, घरची शेती, धान पिकवणारं भरलं घर. बापाला कळेना की पोरगा शेती सोडून दुसऱ्याचं रक्त कायले पाहते. पण रानातल्या त्या मुलखात हिवताप घरोघरी ठाण मांडून होता आणि खुमेंद्रचा डोळा तेज होता. एकदा बांबू तोडणाऱ्या यादोरावला खाटेवर घालून आणलं. तो बरळत होता. बरोबरच्यांची खात्री होती की ह्याला बाहेरचं लागलंय. खुमेंद्रनं बोट टोचलं, काच रंगवली, आणि अर्ध्या तासानं त्याला एका कोपऱ्यात ती सापडली. निळसर, इवलीशी अंगठी, वर लाल खडा बसवल्यासारखी. हिवतापाचा जंतू असाच दिसतो. डॉक्टरांनी सुई लावली. तिसऱ्या दिवशी यादोराव उठून पेज मागू लागला.

सहा फुटी गडी, आणि त्याला आडवा पाडणारं हे एवढंसं! खुमेंद्र त्या दिवशी जेवायचं विसरला. माणूस म्हणजे शेवटी एक थेंब, थेंबात सापडलं की सारं सापडलं, हे त्याच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं. त्याला नावं ठेवायची घाई करू नये. त्या एका समजुतीवर त्यानं पुढं कितीतरी जीव वाचवले.

त्याचं हे म्हणणं एकाच व्यक्तीला मान्य नव्हतं, ती म्हणजे केंद्रातली परिचर धुरपताबाई कापगते. वापरलेल्या काचा धुणं, बाळंतिणींजवळ बसणं, भिंतीवरच्या घड्याळाला चावी देणं, सगळं तिच्याकडं. माहेर प्रतापगडाकडचं, तळी बांधणाऱ्या कोहळी समाजातलं. आसपासच्या पाच गावांतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. कोणाच्या घरी कोणाला काय होतं, हे ती कागदाशिवाय सांगायची.

"बाबू, माणूस समोर बसला हाय अना तुमी त्याचं बोटच पाहता," ती म्हणायची.

"रक्तात सारं असते, बाई."

"माझा आजा म्हने, तळ्याचं पानी गढूळ झालं तं पान्यात पाहू नोको, वरच्या रानात पाय. कोनं झाडं तोडली, कोनं बांध फोडला, तिकडं सापडते."

"तळं वेगळं, माणूस वेगळा."

"कायले वेगळा?" ती म्हणे, आणि काचांची बादली उचलून चालू लागे.

तिच्याबद्दलची एक गंमत केंद्रात सगळ्यांना ठाऊक होती. तीस वर्षं त्या रानात काढून तिला हिवतापानं कधी खाटेवर पाडलं नव्हतं. तीन डॉक्टर तापानं फणफणून बदली करून गेले, खुमेंद्र स्वतः दोनदा थरथरला, आणि ही बाई कणकण आली तरी दुसऱ्या दिवशी झाडू मारायला हजर. "मच्छर मले भेते," असं ती सांगायची, आणि ते खरं वाटावं अशीच तिची जीभ होती.

तिचा जीव मात्र एका ठिकाणी अडकला होता. वीरेंद्र तिचा एकुलता एक मुलगा. त्याला तिनं आपल्या भावाचीच मुलगी केली होती. मामाची पोरगी घरात आणायची ही त्यांच्यातली आवडती रीत. सून घरची, भांडण घरचं, समजूतही घरचीच. त्यांची मुलगी चंदा. वर्षाची झाली नाही तोच तिचे हातपाय एकदा सुजून टम्म झाले. पुढं अधूनमधून ताप, हाडं दुखणं, रात्ररात्र कण्हणं. दर वेळी आजी तिला कडेवर घेऊन खुमेंद्रच्या टेबलाशी यायची. तो बोट टोचायचा, पाहायचा आणि नोंदवहीत लिहायचा, निगेटिव्ह. आठ वर्षांत अकरा वेळा निगेटिव्ह.

"काही नाही निघालं, बाई. आनंद माना."

"आनंद? पोरगी रडून राहिली अना आनंद मानू?"

मग ती सांगत बसायची. थंडीत जास्त दुखते. तळ्यात डुंबून आली की दुखते. उन्हात तहानलेली खेळली की दुखते. डोळे पिवळे होतात. भावाचा एक पोरगा असाच दुखून दुखून पाच वर्षांचा गेला. खुमेंद्र हं हं करायचा आणि पुढच्या काचेकडं वळायचा. बाई बोलकी आहे, एवढंच त्याला वाटे. आता आठवलं की तो कानाला हात लावतो, कारण बाई तेव्हा रोगाचं अख्खं वर्णन करत होती.

२००८ च्या पौषात एका सकाळी वीरेंद्रनं चंदाला उचलून आणलं. ओठ पांढरे पडलेले, छाती भात्यासारखी हलत होती, आणि मांडीला कोणी हात लावला की ती किंचाळायची. डॉक्टरांनी तिला तपासलं, सलाईन लावली, गोंदियाला नेण्यासाठी जीप मागवली, आणि खुमेंद्रकडं काच पाठवली. जीप यायला तासभर होता.

काच तयार करायची पद्धत अशी. एका टोकाला रक्ताचा जाड ठिपका, दुसऱ्या टोकाला पातळ पसरलेला थर. जाड ठिपका आधी पाण्यात बुडवायचा, त्याचा लाल रंग निघून जातो, मग निळा रंग चढवायचा आणि त्यात हिवतापाचे जंतू शोधायचे. पातळ थर स्पिरिटनं पक्का करायचा. जंतू सापडले तर ते कोणत्या जातीचे हे बघायला तो लागतो. नाही सापडले, तर त्याच्याकडं कोणी बघत नाही. खुमेंद्रनं हजारो काचा अशाच केल्या होत्या.

धुरपताबाई त्याच्या शेजारी उभी होती. तिला नातीजवळ बसवत नव्हतं. खुमेंद्रनं काचेचं टोक पाण्यात धरलं, तांबूस धागा सुटला आणि पाण्यात विरला. शेकडो वेळा तिनं हे पाहिलं असेल. त्या दिवशी ती म्हणाली, "बाबू, हे काऊन धुता?"

"लाल पेशी आडव्या येतात. त्या फुटल्या, वाहून गेल्या, की जंतू दिसते."

"म्हंजे रगत आडवं येते म्हनून रगतच काढून टाकता? अना मंग म्हनता, रगतात काई नाही?"

नऊ वर्षांची नोकरी खुमेंद्रच्या डोळ्यांपुढून गेली. त्यानं ठिपक्यात पाहिलं. जंतू नव्हते. मग त्यानं काच सरकवली आणि पातळ थरावर डोळा लावला.

लाल पेशी गोल असतात. इथं गोल होत्या, पण त्यांच्यामध्ये, त्यांच्यावर रेललेल्या, आडव्यातिडव्या, धान कापायच्या विळ्यासारख्या वाकलेल्या पेशीच पेशी होत्या. टोकदार. जिकडं काच सरकवावी तिकडं. कोणी तरी या एवढ्याशा पोरीच्या अंगात कापणीची हत्यारं सोडून दिली होती, आणि ती बारीक नसांत अडकत होती, थंडीत, तहानेत, जसं आजी सांगत होती अगदी तसं. अकरा वेळा हे त्याच्या काचेच्या दुसऱ्या टोकाला होतं, आणि अकरा वेळा त्यानं ते धुवायला बादलीत टाकलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुमी खरं सांगून राहिल्या होत्या. माझंच चुकलं."

डॉक्टरांनी एकदाच सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि चिठ्ठीवर एक ओळ वाढवली. त्या ओळीमुळं गोंदियात पोचताच चंदाला रक्त चढलं, ऑक्सिजन लागला, आणि बाराव्या दिवशी ती आजीच्या हाताला धरून केंद्राच्या पायऱ्या चढली. सिकलसेल, म्हणजे विळ्यासारख्या पेशींचा, आईबापांकडून येणारा रोग. औषधाच्या गोळ्या कायमच्या आल्या, भरपूर पाणी प्यायचं, थंडीत ऊबेत राहायचं, ताप आला की दवाखान्यात पळायचं. पण पोरगी हाती लागली.

पुढच्या वर्षी केंद्रात सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर लागलं. औषधाचं पाणी भरलेल्या काचेच्या बारीक नळीत रक्ताचा थेंब टाकायचा आणि मागं काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन झाकल्या गेल्या तर रक्तात सिकलसेल. धुरपताबाईची नळी खुमेंद्रनंच धरली. रेघा दिसेनात. त्यानं नळी उजेडाकडं फिरवली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. पाणी गढूळच. गोंदियाहून अहवाल आला: बाईला रोग नाही, पण रोगाचा अर्धा वाटा तिच्याकडं आहे. अर्धा वीरेंद्रकडं, अर्धा सुनेकडं. दोन अर्धे चंदात एकत्र आले होते.

डॉक्टरांनी खुमेंद्रला समजावलं. रक्तात एकशे सेहेचाळीस मण्यांची एक माळ असते, त्यातला सहावा मणी बदललेला. एक मणी. आणि अर्धा वाटा असलेल्या माणसाच्या रक्तात हिवताप फार जोर धरू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तापाच्या मुलखात असेच लोक जास्त जगले.

खुमेंद्र आपल्या खोलीत जाऊन बसला. टेबलावर दोन नोंदवह्या होत्या, जुनी हिवतापाची आणि नवी सिकलसेलची. ज्या पाड्यात ताप जास्त, त्याच पाड्यात गढूळ नळ्या जास्त. दोन वह्या कसल्या, एकच गोष्ट होती. रान, डबकी, डास, ताप, मणी, मामाच्या घरची सून, आणि पौषात कण्हणारी चंदा, सारं एकाला एक बांधलेलं. मणी दिसल्याशिवाय हे कळलं नसतं, आणि नुसता मणी बघूनही कळलं नसतं. एवढं मोठं काही आपण रोज बोटाच्या टोकावरून उचलत होतो आणि आपल्याला त्याची खबरच नव्हती!

तेव्हापासून तो आधी माणसाला बसवायचा, कुठं दुखतं, कधी दुखतं, घरात अजून कोणाला दुखतं, हे विचारायचा, आणि मग सुई हातात घ्यायचा. वहीत त्यासाठी रकाना नव्हता. तो पानाच्या मागं लिहायचा.

धुरपताबाई २०११ मध्ये निवृत्त झाली. निरोपाचा नारळ घेऊन ती खुमेंद्रच्या खोलीत आली, मागं बारा वर्षांची चंदा. "बाबू, येवढ्या काचा धुतल्या, पन अंदर काय असते थे कवा पाह्यलं नाही. मले माझं रगत दाखवा. अना धुऊ नोका."

त्यानं दोघींच्या काचा केल्या. आजीनं एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकाला दुसरा लावला. "अगो माय," ती हळूच म्हणाली, "येवढं सारं अंदर चालू राह्यते अना आपन इथं भात रांधून राह्यलो." मग चंदाची काच पाहिली. मग पुन्हा आपली. "माझं तं सारं गोलच हाय?"

"तुमचं अर्धं काचेत दिसत नाही."

"पाहा! अजूनबी तुमच्या काचेत सारं नाही दिसत," ती हसली. खुमेंद्रही हसला, मग त्यानं तिला सांगितलं की चंदापर्यंत पोचलेल्या त्याच अर्ध्यानं तीस वर्षं या रानात तिला राखलं होतं. ती हसायची थांबली.

चंदानं मधे डोकं घातलं. तिनं दोन्ही काचा पाहिल्या, एक सगळी गोल, एक विळ्यांनी भरलेली. "आजी," ती म्हणाली, "तुले राखते थेच मले दे ना."

धुरपताबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बोटं चोळू लागली, थंडीत चोळायची तशी.

"थेच तं देलं, माय," ती म्हणाली.