खारट वाफा

शेजारी बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी भिजते, तिचा आंबूस वास माझ्या एकट्याच्या घरात येतो आणि इंग्रजी अमदानीतलं तळोद्याचं सरकारी प्रयोगाचं शेत आठवतं. तिथं मी बियाणं पारखण्याचं संख्याशास्त्र शिकत होतो. जमिनीनं पक्षपात करू नये म्हणून कोणतं वाण कुठल्या वाफ्यात, हे चिठ्ठ्या काढून ठरे. चिठ्ठ्या मी एकट्यानं उघडल्या. मी चाचणीला आणलेल्या वाणाला खारट वाफा, शेतावरचे गडी धनाबाबा यांच्या वडिलोपार्जित ज्वारीला काळी जमीन. मी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली.

काढणीला त्यांची कणसं खुरटी निघाली.

"वाईट वाटलं का, बाबा?" मी विचारलं.

"चिठ्ठी खोटं बोलत नही, दादा," ते म्हणाले आणि त्या ज्वारीचं पेरणीसाठी राखलेलं सगळं बियाणं त्यांनी दळायला नेलं.

ती ज्वारी हरली नव्हती, बाबा. चिठ्ठी मीच बदलली होती.